जुने फूटस्टूल : पारख, कापड आणि घरातील उपयोग

आमच्याकडे सोफ्याचे आणि पडद्याचे कापड घ्यावयास येणारी गिऱ्हाइके कधी कधी एक लहानसे स्टूल बरोबर घेऊन येतात. दहा-बारा इंच उंचीचे, चार वळणदार पायांचे, वर गादी असलेले. घराण्यात तीन पिढ्यांपासून पडलेले असते, नाही तर जुन्या बाजारातून हौसेने उचललेले असते. "भाई, याला नवीन कापड लावायचे आहे, काय शोभेल?" एवढाच त्यांचा सवाल असतो. पूर्वी आम्ही थान उलगडून दाखवीत असू. आता आधी स्टूल उलटे करून पाहतो, मगच कापडाचे बोलतो. असे का करतो आणि वाचकांनीही असे का करावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

या वस्तूला इंग्रजीत फूटस्टूल म्हणतात. आपल्याकडे फर्निचरवाले गादीच्या अशा बैठकीला सरसकट 'पफी' म्हणून मोकळे होतात. परंतु पफी वेगळी, ऑटोमन वेगळे आणि फूटस्टूल वेगळे. फरक कळला तर किंमत कळते आणि किंमत कळली तर नुकसान टळते.

मूळ कोठले?

पाय ठेवण्याची चौकी ही मुळात इतमामाची वस्तू. सिंहासन उंच असे, म्हणून राजाच्या पायाखाली काही तरी असणे भाग होते. आपल्याकडे जुन्या शिल्पांतही राजाच्या पायाखाली पादपीठ दिसते. मिसरमध्ये 1922 साली तुतनखामेन या राजाची कबर सापडली, तीत अशा चौक्या निघाल्या. त्यांवर बांधलेल्या शत्रूंची चित्रे होती. राजा बसला की शत्रू आपोआप पायाखाली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात तर बिनपाठीच्या साध्या स्टुलावर बसण्याचा हक्क हा मोठा मान होता. बादशहा आणि मलिका यांच्यासमोर ड्यूकच्या पत्नींना स्टुलावर बसता येई, इतर बायकांना उभे राहावे लागे.

सामान्य घरांत ही वस्तू आली ती थंडीमुळे. युरोपात फरशीलगत गार वाऱ्याचा झोत वाहतो, तेथे जमिनीवर पाय टेकून तासन्‌तास बसणे जिकिरीचे. हॉलंडमध्ये लाकडी खोके करून आत निखाऱ्याचे भांडे ठेवीत आणि वरच्या भोकांतून येणाऱ्या उबेवर पाय ठेवीत. व्हर्मीर या चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या प्रसिद्ध चित्रात जमिनीवर असे खोके दिसते. इंग्लंडात सतराव्या शतकात ओक लाकडाची स्टुले होत. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकीत, लोखंडी खिळ्याचे कामच नसे. बुटक्या लाकडी स्टुलाला इंग्रजीत 'क्रिकेट' असाही एक शब्द आहे. खेळाचे नाव असल्याच बैठ्या स्टुलाच्या नावावरून पडले असावे, असे मानणारा एक पक्ष आहे.

'ऑटोमन' हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा निघतो. उस्मान याने स्थापन केलेल्या तुर्की सल्तनतीला आपण उस्मानी सल्तनत म्हणतो. त्या 'उस्मानी'चे युरोपीय तोंडात 'ऑटोमन' झाले. तुर्की घरांत भिंतीलगत बुटक्या, गाद्यांच्या, बिनपाठीच्या बैठका असत. अठराव्या शतकात युरोपियनांनी तो नमुना उचलला आणि नावही त्याच मुलखाचे ठेवले. पुढे ती बैठक लहान होत होत खुर्चीसमोर पाय ठेवण्याइतकी झाली. आज ऑटोमन म्हणजे चहूबाजूंनी कापडाने मढविलेली, बहुधा आत सामान ठेवावयास पोकळ असलेली बैठक. पफी म्हणजे लाकडी सांगाडा नसलेली किंवा तो अजिबात न दिसणारी नरम गादी. फूटस्टूल म्हणजे पाय दिसणारे, लाकडी सांगाड्याचे, वर गादीचे लहान स्टूल.

आणखी एक जात आहे. पायाच्या अंगठ्याला सुजवून माणसाला रडविणारा जो गाउटचा आजार, त्याच्या रोग्यांसाठी इंग्लंडात खास स्टुले होत. जॉर्ज हेपलव्हाइट या फर्निचरकाराच्या नमुन्यांचे पुस्तक त्याच्या विधवेने 1788 साली छापून काढले, त्यात असे स्टूल आहे. त्याची वरची बाजू हवी तशी वर-खाली कलती करता येते. असे अस्सल स्टूल आजही नावाजले जाते.

त्या स्टुलात हिंदुस्तान किती?

व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे 1837 ते 1901, हा फूटस्टुलांचा सुगीचा काळ. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशी जोडीने ती ठेवीत. कापडाचा व्यापारी म्हणून आम्हाला त्यात जे दिसते ते असे.

स्टुलाच्या तळाशी ताणलेल्या पट्ट्या आणि त्यावरचे गोणपाट बहुधा तागाचे. ताग बंगालचा. तो जहाजांनी स्कॉटलंडच्या डंडी शहरात जाई आणि तेथील गिरण्यांत त्याचे सूत आणि कापड होई. 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे हिंदुस्तानातली पहिली ताग गिरणी निघाली, त्यानंतर हुगळीकाठच्या गिरण्या डंडीला भारी पडल्या. लाकडावरची चकचकीत 'फ्रेंच पॉलिश' ही लाखेपासून केलेल्या चपड्याची. लाखेचा किडा आपल्या छोटा नागपूरच्या आणि बंगालच्या झाडांवर वाढतो. म्हणजे लंडनच्या बाईसाहेबांचे पाय ज्या स्टुलावर विसावत, त्याचे पोट बंगालचे आणि तकाकी छोटा नागपूरची. हा हिशेब आपल्या मुलांना अवश्य सांगावा.

मुंबईतही एकोणिसाव्या शतकात शिसवीवर दाट कोरीव काम करून साहेबी धाटणीचे फर्निचर होत असे. त्यातल्या खुर्च्या, टेबले आणि स्टुले आजही जुन्या घरांतून निघतात. विलायतेहून आलेली स्टुलेही इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि धनिकांच्या घरांतून पसरली. म्हणून मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर जुन्या चिजांच्या दुकानांत आजही फूटस्टूल नजरेस पडते.

आमची चूक

आता ज्या चुकीने आम्हाला हे सारे शिकविले, ती सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक वयस्कर बाई असेच एक गोल स्टूल घेऊन आल्या. आम्ही त्यांना आपा म्हणत असू, कारण घरातल्या लग्नकार्याचे कापड त्या आमच्याकडूनच नेत. स्टुलावरचे कापड लोकरीच्या टाक्यांचे होते, मधोमध गुलाबांचा गुच्छ. रंग उडालेला, एका कडेला कसर लागलेली. आपांना ते नीट करून हवे होते. आम्ही म्हणालो, "आपा, हे काय नीट करायचे? मखमल लावून देतो, नवेकोरे दिसेल." त्यांनी आमच्यावर भरवसा ठेवला. आमच्या ओळखीच्या कुशनकाम करणाऱ्या कारागिराने जुने सर्व काढले, फोम टाकला आणि मेंदी रंगाची मखमल चढविली. काम सुबक झाले होते.

आपांनी स्टूल पाहिले आणि विचारले, "वरचे जुने कापड कुठे आहे?" ते कचऱ्याबरोबर गेले होते. आपांच्या आजेसासूबाईंनी तरुणपणी मिशनच्या बाईकडून शिकून तो गुच्छ स्वतः टाकला होता, हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही मखमलीचे पैसे घेत नाही म्हणालो. त्यावर आपा एवढेच बोलल्या, "कापड तर तुमच्याकडे पुष्कळ आहे, भाई. तो टाका कुठून आणणार?" पैसे मोजून त्या गेल्या. त्यानंतर त्या दुकानावर आल्या, पण जुनी कोणतीही वस्तू त्यांनी पुन्हा आमच्या हाती दिली नाही.

पुढे जुन्या चिजांची पारख असलेल्या एका व्यापाऱ्यास आम्ही हकिकत सांगितली. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "अशा स्टुलात लाकडाला किंमत असते, पण त्या टाक्यांना जास्त असते. तुम्ही सोने फेकून डबी ठेवली." म्हणजे आपांचे मन तर दुखलेच, मालाची किंमतही आमच्या हाताने पडली. कापडाच्या धंद्यात उमर घालविलेल्या माणसाने कापडच ओळखू नये, ही शरम आम्हाला आजही आहे.

ते कापड काय होते?

त्या कामाला बर्लिनचे लोकरी काम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस बर्लिनमधील छापखान्यांनी चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. जाळीदार कॅनव्हासवर चौकटी मोजत लोकरीचा टाका घातला की चित्र तयार. शिकावयास सोपे, म्हणून 1830 ते 1860 च्या सुमारास इंग्लंडात घरोघर बायका त्यात गुंतल्या. सपाता, उशा आणि फूटस्टुले या कामाने मढू लागली. कोठे कोठे लोकरीबरोबर काचेचे बारीक मणीही ओवलेले असतात.

या कामाचा काळ रंगावरून थोडाफार सांगता येतो. 1856 साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने प्रयोगशाळेत जांभळा रंग शोधला. तोपर्यंत रंग वनस्पती, कीटक आणि खनिजे यांपासून होत. पर्किननंतर भडक जांभळे, किरमिजी आणि हिरवे रासायनिक रंग बाजारात आले. म्हणून एखाद्या कामात डोळ्यांत भरणारा जांभळा किंवा किरमिजी असला तर ते 1856 नंतरचे समजावे. मात्र वरची बाजू पाहून फसू नये, कारण उजेडाने रंग उडतो. कड हलकेच उचलून मागची बाजू पाहावी. खरा रंग तेथे जपलेला असतो.

दुसरे जुने कापड म्हणजे घोड्याच्या केसांचे. ताणा सुताचा आणि बाणा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. केस जेवढा लांब तेवढाच पन्हा, म्हणून हे कापड अरुंदच असते. काळे, चकचकीत आणि टणक. पिढ्या गेल्या तरी ते विरत नाही. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात 1837 पासून हे कापड विणणारी एक पेढी होती. असे कापड सापडले तर बदलण्याची घाई मुळीच करू नये.

उलटे करून काय पाहावे?

शंभर वर्षांवरच्या वस्तूला व्यापारात अँटिक म्हणतात. त्याहून लहान, परंतु एखाद्या काळाची छाप असलेल्या वस्तूला व्हिंटेज म्हणतात. जुन्या बाजारात दोन्ही असतात आणि कालपरवा बनवून जुने भासविलेलेही असते. पारख करावयाची ती पुढीलप्रमाणे.

एक, लाकूड. झाड कापून शंभर वर्षे झाली तरी लाकूड आडव्या अंगाने आकसत राहते. म्हणून गोल लाकडी फळी असलेले जुने स्टूल दोन दिशांनी मोजले तर माप सारखे येत नाही. मोजपट्टी काटेकोर गोल दाखवीत असेल तर शंका घ्यावी.

दोन, करवतीच्या खुणा. खालच्या बाजूला वळणदार, कमानीसारख्या रेघा असल्या तर ते गोल करवतीचे, यंत्राचे काम होय. गोल करवतीचा सरसकट वापर एकोणिसाव्या शतकात झाला. अठराव्या शतकाचे म्हणून कोणी विकीत असेल तर ही खूण त्याला दाखवावी.

तीन, स्क्रू. अधिक चिन्हाची खाच असलेला फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आला. तो दिसला तर स्टूल त्यानंतरचे आहे, किंवा त्यानंतर दुरुस्त झालेले आहे. दुरुस्ती झाली म्हणजे वस्तू खोटी असे नाही, पण विकणाऱ्याने ते सांगावयास हवे.

चार, चुका आणि पिना. जुने कापड लहान चुकांनी ठोकलेले असते. तारेच्या पिना असल्या तर मढविण्याचे काम अलीकडचे. जुन्या चुकांच्या भोकांच्या रांगा मोजल्या तर आजवर किती वेळा कापड बदलले, तेही उमगते. एकच रांग असेल तर हात आखडावा, वरचे कापड मूळचे असू शकते.

पाच, पोटातला माल. जुन्या कामात तागाच्या पट्ट्या, त्यावर गोणपाट, त्यावर घोड्याचे केस, काथ्या किंवा वाळलेले गवत, मग कापसाचा थर, मग मांजरपाट आणि सर्वांत वर शोभेचे कापड असा क्रम असतो. स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकात आल्या आणि लहान स्टुलांत बहुधा नसतात. पिवळा फोम निघाला तर ते काम 1950 नंतरचे. फोमची भुकटी होत असेल तर तो काढणेच बरे.

सहा, पॉलिश. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून आतल्या, न दिसणाऱ्या जागी चोळावे. चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर पॉलिश चपड्याचे आहे. हल्लीच्या लॅकरवर असा परिणाम सहसा होत नाही. घासकागद मात्र लावू नये. शंभर वर्षांच्या हाताळणीने लाकडावर जो साय धरल्यासारखा रंग येतो, तीच त्याची शोभा आणि तीच त्याची किंमत.

सात, कीड. बारीक गोल भोके असली म्हणजे भिऊन जाण्याचे कारण नाही, ती जुनी असू शकतात. स्टूल पांढऱ्या कागदावर आठ दिवस ठेवावे. खाली ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. अशा वेळी औषध झाल्याशिवाय ते घरातल्या इतर लाकडाजवळ ठेवू नये.

किंमत ठरते ती या सर्वांवर. मूळचे कापड, मूळचे पाय आणि अखंड जोडी या तीन गोष्टी भाव चढवितात. जोडीची किंमत एकाच्या दुपटीहून जास्त येते, म्हणून भावाभावांत वाटणी करताना जोडी फोडू नये.

कायदा विसरू नये

आपल्या देशात 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, तो 1976 पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू त्यात येतात. असा माल खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही आणि त्याच्या विक्रीचा धंदा करावयाचा तर परवाना लागतो. कोणाचे नातेवाईक विलायतेत किंवा आखातात असतील आणि त्यांना जुने स्टूल पाठवावयाचे असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. वस्तूवर हस्तिदंताची जडणघडण असेल तर विकण्या-घेण्याच्या भानगडीत पडूच नये, वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. शिसवीच्या जातीच्या लाकडावरही 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात निर्बंध आहेत.

कापड बदलायचेच असेल तर

कापड खरोखर कुजले असेल, किंवा अलीकडचे आणि मामुली असेल, तर बदलण्यास हरकत नाही. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जुने कापड फेकू नये. शक्य असेल तर ते जागीच ठेवून त्यावर नवे चढवावे. काढावेच लागले तर सपाट ठेवून, मांजरपाटात गुंडाळून, स्टुलाबरोबर जपावे. विकते वेळी तोच त्याचा दाखला होतो. लोकरी काम धुऊ नये, रंग फुटतो आणि कॅनव्हास आकसतो. धूळ काढावयाची तर वर जाळीचे कापड धरून व्हॅक्यूम हलका फिरवावा.

नवे कापड घट्ट विणीचे घ्यावे. पाय ठेवण्याची जागा सोफ्याच्या पाठीसारखी नसते, तेथे टाच घासते. कापडाच्या घर्षणाची चाचणी मार्टिनडेल पद्धतीने होते. घरगुती रोजच्या वापरासाठी 20 ते 25 हजार घासण्या सोसणारे कापड पुरे. चांगल्या फर्निशिंगच्या नमुन्यामागे हा आकडा छापलेला असतो, तो दुकानदारास विचारावा.

हिमरू आणि मश्रू ही आपली नामांकित कापडे. पूर्वीच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरूचा हुनर जुना आहे. दिसावयास ती बहारदार, परंतु त्यांतले रेशमी धागे वरून लांब तरंगत जातात आणि जोडव्यात किंवा नखात अडकून ओढले जातात. शोभेच्या स्टुलास ती लावावीत, रोज पाय ठेवण्याच्या स्टुलास नकोत. जरीचे कापडही नको, जर काळी पडते. मखमल लावावयाची तर लव एकाच दिशेने जाईल असे बेतावे. फुलांचा नमुना असेल तर मधले फूल बरोबर मध्यावर यावयास हवे. नेमके येथेच घाईचा कारागीर उघडा पडतो.

माप असे काढावे. स्टूल 18 इंच लांब, 14 इंच रुंद आणि गादीची बाजू 6 इंच उंच असेल, तर लांबीला 18 अधिक दोन्ही बाजूंचे 12 अधिक दुमडीचे 4, म्हणजे 34 इंच लागतात. रुंदीला 14 अधिक 12 अधिक 4, म्हणजे 30 इंच. 54 इंच पन्ह्याचे पाऊण मीटरच्या वर थोडे कापड यात बसते. नमुना मध्यावर आणावयाचा असेल तर एक मीटर घ्यावे. कोणी दोन मीटर सांगत असेल तर कशासाठी, ते विचारावे. आतून फोमऐवजी काथ्या आणि कापूस घातला तर खर्च थोडा वाढतो, पण बसका आकार जुन्यासारखा राहतो.

घरात कसे वापरावे?

हल्लीच्या घरांत जागा थोडी, त्यामुळे एका वस्तूने चार कामे केली पाहिजेत. फूटस्टूल ती करते.

म्हाताऱ्या माणसांना बसल्या बसल्या पाय वर घेता आले तर आराम पडतो, दिवसाअखेर पाय जड होतात त्यांना तर फारच. स्टूल खुर्चीच्या बैठकीपेक्षा दोन-चार इंच खाली असावे आणि गुडघ्यामागचा भाग लटकता राहू नये. वर ताट किंवा लाकडी तबक ठेवले की चहाची तिवई तयार. मुलांना बसावयास आणि जोडे घालताना टेकावयास ते कामी येते. बाळाला पाजणाऱ्या आईने एक पाय त्यावर ठेवला तर मांडी उंच होते आणि कंबरेचा ताण कमी होतो. पोकळ ऑटोमनमध्ये चादरी आणि रजया राहतात.

दोन गोष्टी करू नयेत. गादीच्या स्टुलावर उभे राहून माळ्यावरचे काही काढू नये, ते कलते आणि हाड मोडते. आणि ते वाटेत ठेवू नये. बुटकी वस्तू रात्री दिसत नाही, म्हाताऱ्यांचा पाय अडखळतो. कापडाचा रंग फरशीहून वेगळा निवडावा, तेवढाच धोका कमी. उन्हाच्या झोतातही ठेवू नये.

तरुण कारागिरांसाठी

शेवटी आपल्या तरुणांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. फोम कापून पिना मारणारे हात गल्लोगल्ली आहेत आणि मजुरीसाठी एकमेकांचे दर पाडीत आहेत. जुन्या पद्धतीने पट्ट्या ताणणारा, काथ्याची कड सुईने बांधणारा आणि मूळ कापड न फाडता उतरविणारा कारागीर मात्र शोधून सापडत नाही. ज्याच्या घरात आजीचे स्टूल आहे, तो अशा हाताला चार पैसे जास्त देतो आणि आभारही मानतो. एखाद्या जुन्या उस्तादाकडे बसून हे काम शिकून घ्यावे. भांडवल सुई, दोरा आणि हातोडीचे. बाकी लागतो तो सबुरीचा हात.

आमच्या दुकानात आज एक दस्तूर आहे. स्टूल आले की नोकर ते उलटे करतो, भोकांच्या रांगा पाहतो, आणि मालकास विचारतो, "हे कापड कोणी लावले होते?" या प्रश्नामुळे कधी कधी विक्री हातची जाते. गिऱ्हाईक म्हणते, "मग राहू द्या, आधी घरी विचारून येतो." आम्ही म्हणतो, जरूर विचारा. मखमलीचे थान उद्याही येथेच आहे.